तिच्या अंगणातला माझा माड

धाकट्या जावेचं मला सगळंच खुपायचं, खोटं कशाला बोलू? पेडण्याला विमानतळ झाला, आमच्या पार्से गावातही भाड्याच्या खोल्यांना गिऱ्हाईक आलं, आणि आम्ही दोघींनी मागच्या बाजूला खोल्या बांधल्या. मला एक जमली, तिनं तीन उठवल्या. माझ्या खोलीत कोबा, तिच्या खोल्यांत टाइल्स. माझा भाडेकरू वर्षाच्या आत पळायचा, तिचे पोरांना इथल्याच शाळेत घालून राहायचे. खाणी बंद पडल्यापासून आमच्या ह्यांचा खनिज वाहायचा टिप्पर दारात गंजत उभा होता, घर चालायचं ते त्या एका खोलीच्या भाड्यावर. तिचा नवरा सरकारी नोकरीत, तिला भाडं म्हणजे वरखर्चाला! देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, पण आमच्या वाड्यावर त्याला तिचंच छप्पर बरं दिसायचं.

एक दिवस तिच्या ओसरीवर विम्याचा माणूस चहा पीत बसलेला. आगीचा, वादळाचा विमा, आणि वर म्हणे तिच्या जागेत भाडेकरूला काही लागलं-खुपलं तर त्याच्या खर्चाचाही. मला म्हणाली, "वैनी, तू पण काढ गो. भाड्यान दिला की जबाबदारी आपल्यार येता."

"आपल्याक राखणदार देव आसा," मी म्हटलं. "दर वर्षी नारळ ठेवतंय, गाऱ्हाणा घालतंय. त्याका हप्तो लागना."

विम्याचा माणूस हसला. मी मात्र आतून जळत घरी आले. विमासुद्धा आधी हिचाच!

तिच्याकडे नसलेली एकच गोष्ट माझ्याकडे होती. वाटणीत जागा तिला गेली, पण तिच्या अंगणातला माड मला आला. आमच्याकडे असं चालतं, माती एकाची नि झाड दुसऱ्याचं. माडही असा की लगडलेला. पाडेली नारळ काढायला चढला की मी मुद्दाम तिच्याच अंगणात खुर्ची टाकून बसायची.

त्या साली पाडेली मिळेना. "वैनी, नारळ सुकले मगो, खाली माणसां वावरतत, दुसरो कोण तरी बघ," असं ती येता-जाता सांगायची. मी ऐकलं न ऐकलं करायची. माझा माड, माझी मर्जी! तिच्या सांगण्यावरून पाडायचे म्हणजे माझं नाकच कापलं.

नारळ पडला. खाली तिचा भाडेकरू, बेळगावकडचा गवंडी, मोटारसायकल पुसत होता. खांद्याचं हाड मोडलं. हातावर पोट असलेला माणूस, त्याला म्हापशाला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. माझी तर झोपच उडाली.

काही दिवसांनी विमा कंपनीचा तपासनीस आला, तसा अर्धा वाडा अंगणात गोळा झाला. मी माझ्या दाराआड उभी. गप्प राहिले तर निभावतं, एवढं मलाही कळत होतं. त्यानं मान वर करून विचारलं, "माड कोणाचा?"

"आमचोच," जाऊ शांतपणे म्हणाली.

आमचोच? इतक्या लोकांदेखत माझा माड हिचा? माझ्या डोक्यात जाळ झाला. पदर खोचून तशीच बाहेर आले. "आमचो कसलो? माड माझो! वाटणीत माका आयलो!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जावेनं कपाळावर हात मारला. "तुझ्याखातर बोललंय गो, वैनी," ती हळूच म्हणाली.

विमा तिच्या जागेचा आणि तिच्या वस्तूंचा होता, दुसऱ्याच्या झाडाचा नव्हता. गवंड्याचं दुखणं माझ्या गळ्यात आलं. तेव्हापासून माझ्या खोलीचं भाडं त्याच्या घरी जातं, आणि जाऊ अधूनमधून आमच्याकडे वाटीभर कालवण पाठवते. ते चवीला चांगलं असतं, त्याचाही मला राग येतो.

शेवटी मीच त्या विम्याच्या माणसाला बोलावलं. खोलीबरोबर माडही घाला म्हटलं. तो म्हणाला, माड ज्यांच्या जागेत आहे त्यांची संमती लागेल. गेले तिच्या दारात. काय करणार? तिनं चष्मा लावला, सही करून कागद माझ्या हातात दिला. आणि मेलीची सहीसुद्धा माझ्यापेक्षा सुरेख!