शिकागोत काचेत बसवलेले देव

ग्रुपवरच्या सगळ्यांनो, आज सकाळपासून डोकं तापलंय माझं.

मुलाने शिकागोच्या म्युझियममधून व्हिडिओ कॉल केला. काचेच्या पेटीत खंडोबा-भवानीचे चांदीचे टाक होते, आपल्या देवघरात असतात तसेच! म्हणाला, "आई, तुझ्यानंतर आपलेही इथेच देऊ. लोक तिकीट काढून बघतील."

"मुडद्या, त्यांना आंघोळ कोण घालणार? तिकीटवाला?"

"एसी आहे गं, धूळ बसत नाही."

मी फोन आपटला आणि शेजाऱ्यांच्या बुंदेलखंडी सुनेला विचारलं, माझ्यामागे माझे देव सांभाळशील का. ती म्हणाली, "अम्माजी, नहला तो मैं रोज दूँगी."

देव तिलाच देणार. कुळाचे देव परक्या घरी देत नाहीत, ठाऊक आहे मला. पण पोटचा पोरगाच त्यांना काचेत उपाशी ठेवणार असेल, तर तुम्ही काय कराल?