पंख मोडणारा मिस्त्री

माझ्या विहिरीवरची मोटार वर्षातून दोनदा जळते, म्हणून राहुरीच्या या वाइंडिंगवाल्याची न् माझी गाठ ठरलेली. मोटारींतून सवड मिळाली की हा डोळ्यांवर व्हिडिओ दिसणारा चष्मा चढवून रिमोटचं विमान उडवतो आणि विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्र त्या चष्म्यात बघत उसावर फिरून येतो. मलाही हौस वाटली. त्याला विचारलं, तर म्हणाला,

"इमान हलकंच घ्या. पैसं चष्म्यात घाला. दिसलंच न्हाई तर उडवून काय करता?"

घेतलं, पण मोडेल म्हणून आठ दिवस उडवलंच नाही. शेवटी त्याच्याकडे नेलं. त्यानं बैल पारखावा तसं ते सगळीकडून निरखलं आणि गुडघ्यावर धरून पंख कटकन मोडला. मी ओरडलोच.

तो निवांत गोंद लावत राहिला.

"मोडायचंच भ्या हुतं ना? मोडलं. वाळलं की उडवा."