तबकडीतली केरसुणी

माझी पहिली जाझची तबकडी आमच्या आईने केरसुणी म्हणून नामंजूर केली.

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तिकडे कानडी मुलखात, बसवनगुडीत राहायचो. आईला तिची भावंडं अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो, वडील अण्णा. मी एका कारखान्यात नुकताच चिकटलो होतो. दिवसभर पत्र्यावर यंत्रांचे दणके. संध्याकाळी बसमधून उतरलो तरी कानांत कारखाना चालूच असायचा. अशात कँटोन्मेंटमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात ती तबकडी मिळाली. वाजवणारे चौघेच: एक पियानोवर, एक सॅक्सोफोनवर, एक माणसाएवढं उंच व्हायोलिन घेऊन उभा आणि एक ड्रमवाला. चौघांपैकी कुणालाच कसली घाई नव्हती. पहिल्यांदा ऐकली आणि माझं डोकं ठणकायचं थांबलं. त्या दिवसापासून घरी आल्याबरोबर एक बाजू ऐकायची आणि मगच कॉफी, असा माझा नेम झाला.

उन्हाळ्यात काही अडलं नाही. कार्तिकात दिवस लहान झाला, मी यायच्या आतच देवापाशी दिवा लागू लागला, आणि एका संध्याकाळी अक्का स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली.

“अय्यो, दिवे लागल्यावर कोण झाडतंय?”

कुणीच झाडत नव्हतं. ड्रमवाला काठ्यांऐवजी तारांचे ब्रश फिरवत होता, सर्र सर्र. मी तिला ते नीट समजावलं. पुरावा म्हणून वेष्टनावरचा फोटोही दाखवला. ती माझी घोडचूक. फोटोत तो गृहस्थ दोन्ही हातांत एकेक झाडू धरून हसत होता.

“दोन दोन!” अक्का म्हणाली. “तुझी नोकरी अजून कायम नाही, आणि तू दिवेलागणीला लक्ष्मीला झाडून बाहेर काढतोस?”

अण्णा निवृत्त मास्तर. वाद दिसला की चष्मा पुसायला घ्यायचे. “अगं, झाडणारा अमेरिकेत आहे. गेली तर त्याची लक्ष्मी जाईल. आपली कशी जाईल?”

“आवाज कुणाच्या घरात होतोय?”

अण्णांनी चष्मा परत लावला आणि पेपर उघडला. तबकडी कपाटात गेली.

मग मी फार वाईट वागलो. दारं आपटली, ताटावर बसून फुगलो. एकदा तर अक्कावर ओरडलोच, “दिवसभर सगळं जग माझ्या कानाशी बोंबलत असतं. हे चौघेच काय ते हळू बोलतात, तेही तुला नकोत!” त्या ओरडण्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बस उशिरा आली. गल्लीत सगळीकडे दिवे आणि आमचं घर काळोखात. मला वाटलं, फ्यूज उडाला. आत जाऊन बघतो तर अक्का देवापाशी काड्यापेटी हातात धरून बसलेली. तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवणं तिच्या शास्त्रात केर काढण्याइतकंच वाईट होतं.

“अजून दिवा लावला नाही,” ती म्हणाली. “म्हणजे अजून दिवसच आहे. लाव तुझी केरसुणी. एकच बाजू हं.”

मी चाचपडत सुई टेकवली. सर्र सर्र सुरू झालं. थोड्या वेळाने आरामखुर्चीतून अण्णा म्हणाले, “लक्ष्मी दारात तिष्ठत असेल हो.”

“थांबू दे स्वल्प. मी नाही थांबले, त्याची बस येईपर्यंत?”

बाजू संपली. अक्काने काडी ओढली, दिवा लावला आणि देवापुढे दोनदा डोकं टेकवलं. तिला खरोखरच भीती वाटत होती. तरी त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत सगळ्यांत शेवटी दिवा लागायचा तो आमच्या घरी.