रतनच्या नावातला अर्धा त

दुपारी भाकरी खाल्ली की मी व्हॅनमध्ये जाऊन पडतो. व्हॅन आता चालत नाही. चाकं काढून ती विटांवर उभी केली आहे आणि मागच्या भागात कडबा भरला आहे. ड्रायव्हरची सीट तेवढी माझी. झोप येताना माझे आधी पाय झोपतात, मग कान. डोळे सगळ्यात शेवटी. तेवढ्या मधल्या वेळात मी गाडीतली अक्षरं बघत असतो.

ही अक्षरं माझ्या सुनेनं लावलेली. कागदोपत्री ती रत्नमाला, पण घरात आणि गावात सगळे रतनच म्हणायचे. शेजारच्या गावात ती अंगणवाडी सेविका होती. रोज सकाळी मी तिला सोडायला जायचो. पंचावन्न वर्षांचा होईपर्यंत मला अक्षर ठाऊक नव्हतं. पोरांसाठी आलेल्या चिकट अक्षरांच्या पानांतली उरलेली पानं ती गाडीत आणायची आणि ज्या वस्तूचं जे नाव, ते त्या वस्तूवर चिकटवायची. दारावर दार. काचेवर काच. आरशाखाली आरसा. पुढच्या काचेच्या वर, पत्र्याच्या पट्टीवर, छत. सासऱ्याच्या शेजारी कसं बसायचं, म्हणून ती मागच्या सीटवर बसायची आणि तिथून छत्रीच्या टोकानं अक्षर दाखवायची. "मामा, हे काय?" मी गिअर टाकत वाचायचो. चुकलो की छत्री खांद्यावर. एकदा मी म्हणालो, या छत्रीवर पण लाव की छत्री. तर म्हणाली, "त्यात जोडाक्षर आहे. ते नंतर."

रतन जाऊन चार उन्हाळे झाले. आमच्याकडचं ऊन असं, की बंद गाडीत हात ठेववत नाही. डिंक पाझरतो आणि अक्षरं सुटतात. काना आधी पडतो, कारण तो बारीक, त्याला चिकटायला जागाच कमी. दारचं दर झालं. काचचं कच झालं. आरशाचा आ पडला, मग शेवटचा काना, आणि उरला रस. पोस्टमन खिडकीतून डोकावून म्हणाला, "आबा, रस थंड आहे का?" मी भाताची खळ करून लावली, तर मुंग्यांनी खळ खाल्ली आणि अक्षर खाली पडलं. चिकटपट्टी लावली, ती पिवळी पडून अक्षर घेऊनच सुटली. पडलेली अक्षरं मी चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवतो. धड शब्द आता एकच राहिला आहे, छत. आणि जे नाव मला या गाडीत सगळ्यात आधी लावायचं होतं, ते मला लिहिता येत नाही.

कान झोपतात. कडब्याचा वास जड होतो. पुढचं डावं दार उघडतं आणि रतन येऊन माझ्या शेजारी बसते.

शेजारी. डोक्यावर पदर, मांडीवर छत्री.

"मागं बस की," मी म्हणतो.

"मागं कडबा भरलाय तुमी."

"व्हय. तेही खरंच."

"चला मामा, पोरं येऊन बसली असतील."

"चाकं न्हाईत गं गाडीला."

"मग हळू चालवा."

मी किल्ली फिरवतो. गाडी हळू चालते. विटांचा आवाज येतो, घर मागं जातं, बोरीचं झुडूप मागं जातं. मग रस्ता राहत नाही. पुढच्या काचेच्या आत, डॅशबोर्डावर, अंगणवाडीची पोरं ओळीनं मांडी घालून बसली आहेत. प्रत्येकाच्या पुढ्यात खिचडीची ताटली. गाडी डुलू नये म्हणून मी स्टिअरिंग बेतानं धरतो.

"हे काय?" छत्रीचं टोक दाराकडं जातं.

"दर."

"नीट बगा."

"दार व्हतं. काना पडला."

"आणि हे?"

"रस."

पोरं हसतात. रतनही हसते. "चाळीस पोरांची नाकं पुसून मी ही अक्षरं आणत होते. तुमाला एक गाडी सांभाळता आली न्हाई?"

"ऊन लई हाय, रतन."

"ऊन तवाही व्हतं."

मी खिशातली डबी काढतो. "तुझं नाव लावतो बघ," असं म्हणून पोरांच्या ताटल्यांच्या मधून एकेक अक्षर मांडतो. र. त. न. म, त्याला काना. ल, त्याला काना. मला फार बरं वाटतं. अंगठ्यानं दाबून मी मोठ्यानं वाचतो, "रतनमाला."

"हे चुकलं," ती म्हणते.

"कसं चुकलं? रतनच न्हाईस का तू?"

"ती हाक झाली. नाव रत्नमाला. त अर्धा पायजे."

"अर्धा त पानावर नसतोच."

"नसतोच. पुरता असतो, तो आपण कापायचा. त ची दांडी काढली की अर्धा त उरतो. तो न ला चिकटला की झालं जोडाक्षर."

"एवढंच?"

"एवढंच."

ती एवढंच म्हणते आणि पुढची काच पांढरी होते. पोरं दिसत नाहीत. काचेवर खडूनं नावं लिहिलेली आहेत, वरून खालपर्यंत. हा फळा मला माहीत आहे. तो दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डाबाहेर होता. रतनचा ताप उतरत नव्हता. माझा मुलगा पुण्याहून निघाला होता, अजून पोचायचा होता. मी घरी जाऊन पेज घेऊन आलो, तोवर तिला दुसरीकडं हलवलं होतं. दारावरचा माणूस म्हणाला, फळ्यावर नाव बघा, पुढं खोलीचा नंबर आहे.

जन्मात पहिल्यांदा कुणा परक्यानं मला वाचायला सांगितलं होतं. मी बोट लावून शोधायला लागलो. र, मग त, मग न. रतन कुठंच नव्हती. एका ओळीत र होता, पण त्याच्या पुढं जे होतं ते मला तिनं शिकवलेलं नव्हतं, म्हणून ती ओळ मी सोडून दिली. खालच्या मजल्यावर गेलो. तिथला फळा वाचला. पलीकडच्या इमारतीतला वाचला. पेजेचा डबा हातात गार झाला. परत वर आलो, तेव्हा नर्स दारात उभी होती आणि म्हणत होती, रत्नमालाबरोबर कुणीच नाही का?

आता मी त्याच फळ्यासमोर स्टिअरिंग धरून बसलो आहे, आणि रतन माझ्या शेजारी आहे.

"ही सोडलेली ओळ," मी बोट दाखवतो.

"व्हय. तीच."

"मला कळलं न्हाई."

"इचारायचं की कुणाला तरी."

"मला वाचता येत व्हतं ना."

ती पदर नीट करते.

"किती वेळ वाट बघितलीस?"

"मला कुठं घड्याळ व्हतं तिथं, मामा."

"जोडाक्षर आधी शिकवलं असतंस तर," माझ्या तोंडून निघून जातं. निघून गेल्यावर ते परत घेता येत नाही.

"पुढच्या आठवड्यात शिकवणार व्हते. म्हटलं, आधी तुमचे काने पक्के व्हऊ देत."

फळ्यावरची नावं खालून पुसली जायला लागतात. मी घाईनं डबीत बघतो. डबीत आता त नाही. डॅशबोर्डावर लावलेला त पोरांतल्या कुणीतरी तोंडात घातला आहे. रतन छत्रीचं टोक वर करते. "त्यातला घ्या."

वर छत आहे.

"तो एकच शब्द राहिलाय गं."

"मग नाव नको?"

मी हात वर करतो. नखानं त उचकटतो. दांडी तिथंच धरून राहते आणि वाकडा भाग तेवढा सुटून येतो. मी तो न च्या आधी ठेवतो आणि अंगठ्यानं दाबतो.

"दाबून धरा. सोडू नका."

"धरलंय."

"धरलंय का?"

आवाज मागून येतो. शेजारची सीट रिकामी आहे. आरशात बघतो तर मागं कडबा आहे, छतापर्यंत. अंगठ्याखालचं सगळं गरम होतं. र सरकतो. मग म, मग ल. ती खाली येतात, गिअरच्या खाचेत पडतात. मी दुसऱ्या हातानं धरायला जातो, तर ती हाताला येत नाहीत.

"रतन, चिकटत न्हाई."

"उभ्या गाडीत न्हाई चिकटत, मामा."

"मग काय करू?"

मागचं दार सरकल्याचा आवाज येतो. ते गंजून बसलेलं आहे, दोन वर्षांत कुणाला सरकवता आलेलं नाही. ते उघडतं, आणि हळूच, झोपलेल्या माणसाच्या घरात लावतात तसं लागतं.

मी जागा होतो. ऊन अजून तेवढंच आहे. माझा उजवा हात डॅशबोर्डावर आहे, अंगठा दाबलेला, कोपरापर्यंत मुंग्या आलेल्या. डॅशबोर्डावर नाव नाही. डबी खिशात आहे, झाकण घट्ट. मागचं दार गंजलेलं, जागच्या जागी. वर बघतो. पट्टीवर छ आहे आणि त्याच्या पुढं नुसती एक दांडी.

अंगठा उचलतो. त ची वाकडी बाजू त्यावर चिकटली आहे.

मी ती डॅशबोर्डावर लावून बघतो. मन लावून दाबतो, श्वास रोखून दाबतो. अंगठा उचलला की ती अंगठ्याबरोबर परत येते. काचेवर लावून बघतो, दारावर लावून बघतो. कुठंच राहत नाही, माझ्या कातडीवर तेवढी राहते.

हा अर्धा त. आता मला तो ओळखता येतो. मी तो वाचायला जातो, एकटाच, मोठ्यानं. जीभ वरच्या दातांना टेकते आणि आवाज निघत नाही.