पुलापलीकडचा माल

लाखनीला आमचं औषधांचं होलसेलचं दुकान आहे. नागपूरहून माल आणायचा आणि आसपासच्या गावांतल्या मेडिकलवाल्यांना पोचवायचा, हा धंदा. गाडी नवरा चालवतो, दुकान मी बघते. फ्रिज लहान, विजेचा भरवसा नाही, म्हणून इन्सुलिनसारख्या थंड औषधांचा साठा मी कधी फार केला नाही. संपलं की दुसऱ्या दिवशी येतं, याची इतकी सवय झाली होती की नागपूर आणि आमच्यामध्ये वैनगंगा आहे हे लक्षातच यायचं नाही.

त्या पावसाळ्यात वरच्या धरणांचं पाणी सुटलं. नवरा नागपूरहून परत येत होता. दुपारी त्याचा नदीपलीकडच्या शहापूरहून फोन आला.

"पूल बंद केला. ट्रकांची लाइन लागली आहे. पोलीस कोणालेच सोडून नाही राहिले."

"इन्सुलिन गाडीतच आहे ना?"

"गाडीतच आहे. बर्फ भेटते का पाहतो."

फ्रिजमधलं होतं ते सगळं मी दुकानदारांना वाटून बसले होते. आत फक्त डोळ्यांचे थेंब आणि आमचं दूध उरलं होतं.

संध्याकाळी एक बाई आली. पायांना धानाच्या शेतातला चिखल तसाच होता. तिची मुलगी लहानपणापासून इन्सुलिनवर. घरातली बाटली संपली, उलट्या सुरू झाल्या, म्हणून तिला दवाखान्यात भरती केलं होतं.

"बाई, डॉक्टर म्हनते उद्या सकाळपुरतं आहे, मंग नाही. एकाही मेडिकलमंदी भेटून नाही राहिलं. साऱ्यायले तुमच्याकडूनच जाते म्हनतात."

"माझा माल पुलाच्या तिकडे अडकला आहे."

"मंग मी काय करू जी?"

ती रडत नव्हती. खरंच विचारत होती.

गोंदियाच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, माझा माल त्याच पुलावरून येते. माझ्याच दुकानदारायले पुरून नाही राहिलं. अन् तुमचा एरिया माझा नाही, कंपनीले काय सांगू?" रायपूरचा एक जण पाठवायला तयार झाला, पण परवा. परवा त्या मुलीच्या काय कामाचं? मग ज्यांना माल विकला होता त्या दुकानदारांनाच एकेक करून परत मागायला लागले. सगळ्यांचं एकच उत्तर, संपलं. काही जण खोटं बोलत होते, हे आवाजावरून कळत होतं. त्यांचीही नेहमीची गिऱ्हाइकं होती. मी कोणाशी भांडले नाही.

करडी गावच्या म्हाताऱ्या दुकानदाराचा फोन लागतच नव्हता. सकाळी थर्माकोलचा डबा स्कूटीला बांधला आणि जंगलातल्या रस्त्यानं निघाले. एका नाल्यावर पाणी रस्त्यावरून वाहत होतं. ते उतरेपर्यंत काठावर उभी राहिले. दवाखान्यातून त्या बाईचा फोन येईल या भीतीनं फोन हातात घट्ट धरून ठेवला होता आणि रेंज नाही हे बघून उलट बरंच वाटत होतं.

म्हाताऱ्यानं फ्रिज उघडून दाखवला. एकच बाटली होती.

"हे माझी नाही, वहिनी. मास्तरची आहे. त्यायले विचारा. मी नाही देत अन् मी नाहीही म्हनत नाही."

मास्तर म्हणजे गावातले निवृत्त शिक्षक. खाटेवर पाय लांब करून बसले होते, तळव्याला पट्टी होती. त्यांची बायको दारात उभी. मी सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला नको झाला. एका आजाऱ्याचं औषध दुसऱ्यासाठी मागायला आले होते.

मास्तरांनी विचारलं, "पोरगी कितवीत आहे?"

"सहावीत."

"घेऊन जा. माझं मी गोळ्यांवर पाहून घेतो."

"काहून?" त्यांची बायको म्हणाली. "मागच्या वेळी काय झालं होतं, विसरले का? पाय कापा लागते म्हनला होता डॉक्टर!"

"ती इन्सुलिनबिगर नाही राहू शकत," मास्तर म्हणाले. "मी राहीन थोडे दिवस."

बायको आत निघून गेली. मी दुकानात परत जाऊन बाटली डब्यात घेतली. 

परतताना पुन्हा नाल्यात पाणी चढलं होतं. या वेळी थांबले नाही. शेतातून आलेल्या दोघांनी स्कूटी ढकलत पलीकडे नेली आणि मी डबा डोक्यावर धरून पाण्यातून चालले. दवाखान्यात पोचले तेव्हा मुलगी डोळे मिटून जोरजोरात श्वास घेत होती. आईनं डबा माझ्या हातातून अक्षरशः ओढून घेतला.

मुलगी वाचली. ती उठून बसली त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले, ते आनंदानं नव्हे. सगळा वेळ मास्तरांचा पाय डोळ्यांसमोर होता.

पूल उघडल्यावर नवरा आला. शहापूरला मासे विकणाऱ्याकडून बर्फ घेऊन त्यानं डबा थंड ठेवला होता. गाडी रिकामी न करताच मी त्याला करडीला धाडलं. तोवर मास्तरांची साखर खूप चढली होती आणि जखम काळी पडली होती. पुढे नागपूरला नेऊन त्यांची दोन बोटं कापावी लागली. इन्सुलिन असतं तर वाचली असती का, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत.

नवरा करडीला गेला त्या दिवशी बाटल्या मास्तरांच्या बायकोनंच घेतल्या होत्या. त्याला म्हणाली, "तुमच्या घरवालीले सांगा, आता आमच्या दारात येऊ नको."

त्यानं मला ते जसंच्या तसं सांगितलं.  मी पुन्हा करडीला गेले नाही; तिथला माल अजूनही तोच पोचवतो.