काकूंचा आर्न्सबर्ग

"वर ठेव गो!" समोरच्या काकूंच्या घरात पाऊल टाकलं की आधी हे ऐकायचं. पर्स असो की चपला. त्यांचे पासपोर्ट, देव, पिठाचा डबा, सगळं कपाटाच्या डोक्यावर. तेही बहरीनमधल्या हूरा वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर!

"काकू, अख्ख्या बहरीनमध्ये नदी नाही," मी चिडवायचे.

"म्हणून तर इथं झोप लागते," काकू म्हणायच्या. माहेर-सासर दोन्ही चिपळूणचं, पूर पाहिलेल्या.

मग त्यांची लेक नर्स म्हणून जर्मनीला गेली, आर्न्सबर्ग विभागातल्या एका वृद्धाश्रमात. झालं! काकूंनी मोबाइलवर तो विभाग असा पिंजून काढला की विचारू नका. पश्चिमेला डॉर्टमुंड, जुन्या कोळसाखाणींचं मोठं शहर. दक्षिणेला डोंगर, जंगल आणि दऱ्यांतून लोखंडाचे कारखाने. कारभार मात्र लहानशा आर्न्सबर्गातून.

"कारखाने नदीलाच चिकटून का गो?"

"पूर्वी पाण्याच्या जोरावर घण चालायचे, काकू."

"आणि ते कचेरीचं गाव? तेही नदीच्या वळणात! वर धरणं. धरण म्हणजे कधीतरी सोडणारच." त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मला हसू यायचं, पण खरं सांगते, रात्री मीही तो नकाशा उघडून बघायचे.

हट्टानं त्यांनी लेकीला टेकडीवरची खोली घ्यायला लावली. "आई, रिलॅक्स," म्हणत तिनं घेतली. पण वृद्धाश्रम खाली नदीकाठी होता, हे काकूंच्या ध्यानातच आलं नाही.

एका दुपारी बातम्यांत तिथला पाऊस दिसला. लेक ड्यूटीवर. फोन लागेना. काकूंनी मोबाइल कपाटावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत खाली उभ्या राहिल्या. बाहेर रणरणतं ऊन, आणि काकूंचे हात गार. "येईल फोन, इंशाल्ला," मी पुटपुटत होते.

सकाळी फोन आला. "आई, आय ॲम ओके. सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेलं..." आणि ती हमसून रडायला लागली. "एक आजी खालीच राहिल्या, आई."

काकूंनी मोबाइल घट्ट धरला. मग म्हणाल्या, "आमच्याही पुरात खालीच राहिल्या होत्या, बाय. तुझी आजी." आजी तापानं गेली, एवढंच लेकीला माहीत होतं.

पुढच्याच महिन्यात काकू लेकीकडे गेल्या. निघताना मला लोणच्याची बरणी दिली. या वेळी 'वर ठेव' म्हणाल्या नाहीत.

बरणी मी कपाटावर ठेवलीय. काढायची तर स्टुलावर चढावं लागतं. नवरा हसतो. हसू दे.