ब्रेकला बांधलेला धागा

द्वारका चौकाजवळच्या दुकानात चेनसॉ बघताना मी सारखी मान हलवत होते. कळत काहीच नव्हतं. नाशिक रोडला आमच्या घराच्या परसात वाऱ्याने सुबाभूळ आडवी झाली होती आणि ती आपणच कापायची, असं आमच्या ह्यांनी मनावर घेतलं होतं. दुकानदार समजावत होता: पायात बूट हवेत, डोळ्यांना चष्मा हवा, पदर-बिदर जवळ नको. पात्याचं टोक लाकडाला टेकलं की मशीन उसळून थेट तोंडावर येते.

"म्हणून हा वरचा दांडा. पुढे ढकलला की ब्रेक, साखळी थांबली. मागे ओढला की मोकळी."

पुढे म्हणजे थांबा आणि मागे म्हणजे चला! रिक्षात मी तेच पुटपुटत राहिले आणि घरी उतरेपर्यंत नेमकं उलटं पाठ झालं.

लगेच खंडेनवमी आली. पाटावर विळी, कोयता, पक्कड-पाने मांडले आणि मधोमध नव्या नवरीसारखी चेनसॉ. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला. ह्यांच्या हातापायाला काही होऊ नये म्हणून मी लाल धागा घेतला आणि तो वरचा दांडा खालच्या मुठीशी करकचून बांधला. इतका महत्त्वाचा दांडा असा लोंबकळत कशाला ठेवायचा, ही माझी अक्कल! आज माझ्या सुनेने असं केलं असतं तर मी तिला वर्षभर ऐकवलं असतं.

दसरा झाल्यावर सकाळी हे बूट-चष्मा चढवून परसात उभे राहिले. सुरू करण्याआधी दांडा पुढे ढकलायला गेले. हलेना.

"अगं, हे काय बांधलंस?"

"तुमच्या रक्षणासाठी."

"हा ब्रेक आहे!"

"मग बरंच की. ब्रेक घट्टच हवा ना?"

ह्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, परत खाली केला. "सोड ते."

"तोडायचा नाही हं. अपशकुन होतो."

"दातांनी सोड. पण सोड!"

मी फतकल मारून दातांनी गाठी सोडवल्या. तोंडात ऑइलची चव आणि डोक्यात गोंधळ. रक्षणाचा धागा सोडल्यावर माणूस सुरक्षित कसा होतो? पण विचारायची सोय नव्हती. ह्यांनी मला पार तुळशीपाशी पिटाळलं.

फांद्या नीट कापल्या गेल्या. मग खोडाला टोक लागलं. मशीन उसळली, ह्यांचं मनगट दांड्यावर आदळलं, खट् झालं आणि साखळी जागीच थांबली. ह्यांच्या तोंडापासून वीतभरही लांब नव्हती. त्यांनी इंजिन बंद केलं आणि हनुवटी चाचपत उभे राहिले.

मला दिसलं ते एवढंच, की नवीकोरी मशीन बंद पडली.

"बघा! धागा सोडला नि लगेच बिघडली," मी तिथूनच ओरडले. "सांगत होते की नाही?"

हे पायरीवर येऊन बसले आणि पाणी मागितलं. मी आत गेले ती त्या दुकानदाराला कसं फैलावर घ्यायचं, ते ठरवतच.